टाकीच्या नळीत बोल्ट

मे महिन्यातली भर दुपार होती. कोल्हापुरात उद्यमनगरच्या आमच्या गल्लीत पत्रे तापलेले, शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू. एक उंच केलेली जिप्सी दारात थांबली आणि गाडीच्या आधी पेट्रोलचा वास आत आला. राधानगरीकडचा पोरगा, ऑफरोडिंगचा नाद असलेला. मागच्या सीटवर त्याची आई, नाकाला पदर लावून बसलेली.

"मिस्त्री, लई वास मारतोय गाडीत. आईला गरगराय लागलंय."

आधी त्या माउलीला उतरवून झाडाखाली मोकळ्या हवेत बसवलं. पोरगा गाडी आत घ्यायला निघाला होता, त्याला ओरडूनच थांबवलं. माझ्या शेडमध्ये पिट आहे, म्हणजे गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते; ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साठते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी एक ठिणगी पुरते. चावी काढून घेतली, शेजाऱ्याला वेल्डिंग बंद करायला लावलं आणि गाडी ढकलत कडेच्या मोकळ्या जागेत नेली. बॅटरीची वायर मुद्दामच लगेच काढली नाही, कारण वायर सुटतानाही ठिणगी उडते. वरचं कापडी हूड गुंडाळून वारा खेळू दिला. वास पुरता ओसरल्यावरच बॅटरी सोडवली.

मग मागची गादी उचलली. कंपनीची टाकी गाडीच्या पोटाखाली असते; इथे ती काढून सीटच्या मागे, माणसं बसतात त्याच जागेत, ॲल्युमिनियमची मोठी टाकी बसवलेली. मध्ये पत्र्याचा आडोसासुद्धा नाही. वाफ बाहेर जायच्या नळीला साधा पारदर्शक पाइप, पिवळा पडून काचेसारखा कडक झालेला. क्लिपाशी बारीक चीर. आणि पाइपच्या तोंडात चक्क एक बोल्ट ठोकून वर क्लिप आवळलेली.

"हे कुणी केलं?"

"जिथं टाकी बसवली तिथंच. चढावर नळीतनं पेट्रोल सांडत हुतं, म्हणून बंद केली म्हणाले."

फडकं धरून टोपी हळूहळू सैल केली तर कितीतरी वेळ फस्स आवाज येत राहिला. उन्हाने टाकी तापते, त्यात इंजिनकडून परत येणारं पेट्रोल गरम. वाफ वाढत जाते आणि वाट बंद केली की सापडेल त्या फटीतून निघते. ती फट या गाडीत आईच्या पाठीमागेच होती. रात्री टाकी गार झाली की उलटं होतं. आत हवा शिरायला जागा नसेल तर टाकी आत ओढली जाते, पंपाला पेट्रोल पुरत नाही. टाकीला श्वास दोन्हीकडून लागतो.

शेजारचा म्हणाला, "टाकी रिकामी करून दे, चिरेच्या जागी नवी नळी वेल्ड करून देतो." मी साफ नाही म्हणालो. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. पेट्रोल तर शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. 'धुतली होती की' म्हणून टाका मारायला जाणाऱ्यांच्या हकीकती आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहेत.

पोराला सांगितलं, ही टाकी मी परत बसवणार नाही. कंपनीची जुनी टाकी त्याच्या गोठ्यात पडून होती. ती दुसऱ्या दिवशी आणायला लावली. टाकीची जागा परस्पर बदलणं कायद्यातही बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

खरं काम पुढे होतं. बॉडी उंच केल्यामुळे जुने पाइप तोकडे पडत होते आणि चारकोल कॅनिस्टर, म्हणजे तो काळा डबा, 'कशाला हवा' म्हणून कुणीतरी फेकून दिलेला. त्या डब्यातला कोळसा टाकीची वाफ धरून ठेवतो आणि गाडी चालू असताना इंजिन ती ओढून जाळतं. नवा डबा आणला. पाइप सगळे पेट्रोलसाठीचेच घेतले. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये साधं रबर फुगतं. लाइन टाकीवरून आधी वर, बॉडीच्या उंच भागापर्यंत नेली आणि मग डब्याकडे उतरवली, म्हणजे चढउतारावर पेट्रोल लाइनमधून डब्यात जाऊ नये. ओलं पेट्रोल लागलं की कोळसा कामातून गेला. सायलेन्सरपासून सगळं लांब ठेवलं.

ही गाडी डोंगरात आडवीतिडवी होणार, म्हणून लाइनमध्ये रोलओव्हर व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे गाडी उलटली की लाइन आपोआप बंद करणारी झडप. बसवण्याआधी कोरा व्हॉल्व्ह पोराच्या हातात दिला. सरळ धरून फुंकला, हवा आरपार. उलटा धरून फुंकला, बंद.

"म्हंजे सांडणं थांबवायला बोल्ट नव्हं, ह्यो पायजे हुता?"

"हाच."

सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावून हातपंपाने अगदी हलका दाब दिला. कॉम्प्रेसरची हवा टाकीत कधीच सोडायची नाही, टाकी फुगते, शिवणी उकलतात. एकही बुडबुडा आला नाही. तेव्हाच पेट्रोल भरलं आणि उन्हात गाडी तासभर उभी केली. वास नाही.

निघताना पोरगा म्हणाला, त्याच्या एका मित्रानेही टाकी तिथेच करून घेतलीय. त्याला माझ्यासमोरच फोन लावायला लावला. मित्र म्हणाला, येतो की गाडी घेऊन. "चालवत आणू नकोस," मी म्हणालो. "घरात, पत्र्याखाली ठेवली असशील तर ढकलून उघड्यावर काढ. मी येतो."