चक्का म्हणजे चक्काच

आई अमेरिकेत आली की दुसऱ्या आठवड्यात तिचं ठरलेलं वाक्य येतं, 'इथे बाहेर जाऊन खाण्यासारखं काही नाहीच का गं?' कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टमध्ये राहून हे बोलायचं म्हणजे कमाल आहे. आमच्या घरापासून गाडीने दहा मिनिटांत वडापाव मिळतो, अळूची पानं मिळतात. पण तिचं म्हणणं, ते घरीही होतंच की. पिझ्झा आणि मेक्सिकन एकेकदा खाऊन झालं होतं आणि दोन्हींना 'ठीक आहे' एवढाच शेरा मिळाला होता. म्हणून गेल्या शनिवारी तिला अफगाणी हॉटेलात नेलं.

आमच्या गावाला 'लिटल काबूल' म्हणतात ते फ्रीमॉन्ट बुलेवार्डवरच्या सेंटरव्हिल भागामुळे. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि जी कुटुंबं देश सोडून निघाली, त्यांतली बरीच पुढच्या दशकात इथे येऊन स्थिरावली. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर आणखी आली. लोक इथे कोपराएवढे लांब नान कागदात गुंडाळून काखेत मारून नेतात. गाडीत बसेपर्यंत एक टोक हमखास तोडलेलं असतं.

हॉटेलात शिरलो तर लाल गालिचे, जरा अंधारच, आणि सगळीकडे मोठमोठी कुटुंबं. आजी, सुना, पोरंटोरं, एका टेबलाला तीन टेबलं जोडलेली. आईला तिथेच बरं वाटायला लागलं. वाढणारा मुलगा विशीतला. आईची साडी बघून त्याने सरळ हिंदी सुरू केलं आणि तिला 'खाला जान' म्हणाला. खाला म्हणजे मावशी. हिंदी कुठे शिकलास म्हटलं, तर घरात सगळ्यांना येतं म्हणाला. आजी-आजोबा अमेरिकेला येण्याआधी काही वर्षं पेशावरला होते, आणि बाकीचं सिनेमांनी शिकवलं.

आई शाकाहारी, त्यामुळे माझी नेहमीची उलटतपासणी सुरू झाली. इकडे येणाऱ्या शाकाहारी मंडळींसाठी सांगून ठेवते: काबुली पुलाव दिसायला फार गोड असतो. वर गाजराच्या कातरलेल्या काड्या, मनुका, कधी बदाम. पण 'मटणाचे तुकडे बाजूला काढा' म्हणून भागत नाही, कारण तो भात मटणाच्याच पाण्यात दम दिलेला असतो. साधा पांढरा भात हवा असेल तर 'चलाव' म्हणायचं. आणि 'आशक' हे गंदना नावाच्या, कांद्याच्या पातीसारख्या भाजीने भरलेले मऊ मोदकासारखे प्रकार असले, तरी वर खिमा पसरायची पद्धत आहे. आम्ही 'बिना गोश्त' दोनदा सांगितलं, तरी पहिली ताटली खिम्यासकट आली. मुलगा जीभ चावून परत घेऊन गेला. आई मात्र पुढच्या प्रत्येक ताटलीला वाकून, 'बेटा, इसमें कुछ नहीं ना?' असं विचारत राहिली.

मग 'दोघ'ची गंमत झाली. मेन्यू मी वाचून दाखवत होते. आईला ऐकू आलं दूध. तिने मागवलं. आलं ते काकडी आणि पुदिना घातलेलं खारं ताक! ग्लासात डोकावून ती म्हणाली, 'हे दूध नासलंय.' मी हसायला लागल्यावर एक घोट घेतला, आणि ग्लास संपवूनच खाली ठेवला.

बोरानी कद्दू आली तेव्हा मात्र ती एकदम सावरून बसली. लाल भोपळ्याच्या शिजून मऊ झालेल्या फोडी, जराशा गोडसर, त्यावर लसूण लावलेलं घट्ट दही आणि वाळलेल्या पुदिन्याची पूड. 'अगं, हे आपलं भोपळ्याचं भरीत! फक्त फोडणी द्यायची राहिलीय.' दाण्याचं कूट आणि हिंग पाहिजे होता, असंही म्हणाली. आपला हिंग मुख्यतः अफगाणिस्तानातूनच येतो. पण त्या दिवशीच्या जेवणात त्याला कोणी शब्दशः हिंग लावून विचारलं नव्हतं.

मी त्या दह्याकडे बोट दाखवून मुलाला विचारलं, याला काय म्हणता? तो म्हणाला, 'चक्का.'

आई घास तोंडाकडे नेता नेता थांबली. 'काय म्हणाला?'

'चक्का, खाला जान. दही कपड़े में बाँध के लटकाते हैं, पानी निकल जाता है।'

आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू हा मुलगा आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात लहानाचा मोठा झाला होता. मग दोघांचं जे काही सुरू झालं! बदाम, पिस्ता, गरम, ताजा, हजार, तयार, बाजार. तिकडे पैशाला पैसाच म्हणतात. बटाट्याला मात्र 'कचालू' म्हणतात, हे तिला अजिबात पटलं नाही. मी तेवढ्यात बटाट्याची बोलानी एकटीने संपवली. पातळ पराठाच तो, पण कडा कुरकुरीत.

हिरवा वेलचीचा चहा आला, सोबत साखरेत घोळवलेले बदाम. चहा पिता पिता आईची नजर भिंतीवरच्या चित्रावर गेली. डोक्यावर मुकुट, मोठी दाढी. 'ये कौन?'

'अहमदशाह बाबा,' मुलगा कौतुकाने म्हणाला. '१७४७ मध्ये आमचा देश त्यांनीच उभा केला.'

अब्दाली! १४ जानेवारी १७६१ ही तारीख आम्हाला शाळेत घोकावी लागली होती. आईने तर ती शिकवली आहे, पंचवीस वर्षं, सातवीच्या वर्गाला. मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. ती चित्राकडे बराच वेळ बघत राहिली, मग चहाचा घोट घेऊन मराठीतच म्हणाली, 'बरं. भात मोकळा छान झालाय म्हणावं.'

निघताना बिल मी दिलं, पण आई उठेना. तिला चक्का किती तास टांगतात ते हवं होतं. मुलाला माहीत नव्हतं. तो आत स्वयंपाकघरात जाऊन त्याच्या आईला विचारून आला. ओल्या हातांनी ती माऊलीही दारापर्यंत आली आणि लांबूनच हसली.

'रातभर,' मुलगा म्हणाला. 'और नमक डाल के।'

'मीठ?' आई माझ्याकडे वळली. 'मग श्रीखंड कसं करतात हे लोक?'