उघडून बघायला कुणी तयारच नाही

जानेवारीतली गोष्ट, लिहायला एप्रिल उजाडला. ओहायोत त्या दिवशी उणे बारा होतं, पोरगी मागच्या सीटवर, दुकानाच्या पार्किंगमधून डावीकडं वळायला लागलो आणि स्टिअरिंग एकदम दगड झालं. वळणाच्या मध्येच. डॅशवर पॉवर स्टिअरिंगमध्ये बिघाड असा मेसेज आणि खाली टिंग टिंग आवाज. सव्वादोन टनाचा पिकअप ट्रक, दोन्ही हातांनी अक्षरशः लोंबकळून ओढला तेव्हा कुठं वळला. रिकाम्या जागेत लावला, बंद केला, परत चालू केला तर स्टिअरिंग पहिल्यासारखं एका बोटानं फिरतंय. पोरगी म्हणाली, बाबा तुम्ही ओरडला का? मी ओरडलो होतो हे मला तिनं सांगितल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेला. कुठल्या कंपनीचा ट्रक, कुठला डीलर ते सांगत नाही, त्यानं काही फरक पडत नाही. कॉम्प्युटर जोडला, अर्ध्या तासात निकाल, स्टिअरिंग रॅक, म्हणजे पुढची चाकं डावीउजवीकडं ढकलणारी दांड्याची जोडणी, पूर्ण बदलायचा, २६४० डॉलर. मी विचारलं आत नक्की काय गेलंय? मोटर, सेन्सर, वायरिंग, काय? तो माणूस वागायला अगदी चांगला, कॉफी वगैरे विचारली, पण उत्तर एकच, आतलं आम्ही बघत नाही, असेंब्ली बदलतो. मी परत विचारलं, निदान कनेक्टर तरी काढून बघितला का? नाही. कॉम्प्युटरवर बिघाडाचा कोड आला, पार्ट ठरला, विषय संपला.

घरी येऊन बाबांना फोन केला, ते म्हणाले, सव्वादोन लाख? एवढ्यात दोन म्हशी येतील की रं.

पैसे टोचले हे खरंच आहे, पण त्याहून जास्त मला ते न उघडणं टोचलं आणि अजून टोचतंय. ज्यांचं बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्या-गॅरेजांत गेलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. शाळेतून येताना मी मामांच्या गॅरेजात थांबायचो, उसाचे ट्रॅक्टर, टेम्पो, बोलेरो पिकअप, हंगामात तर रांग लागलेली असायची. पॉवर स्टिअरिंग गळतंय म्हणून गाडी आली की मामा खाली गोणपाट पसरायचे, स्टिअरिंगचा गिअरबॉक्स काढून त्याच्यावर ठेवायचे आणि एकेक भाग डिझेलच्या ट्रेमध्ये धुऊन ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं मांडायचे. सील, बेअरिंग, वर्म, नट. मग गिऱ्हाइकाला बोलवून बोटानं दाखवायचे, हे बघा, इथं सीलचा ओठ फाटलाय. सील किट घालून संध्याकाळी गाडी रस्त्यावर. गिऱ्हाईक पैसे देताना कुरकुर करायचं, पण काय गेलं हे त्यानं डोळ्यांनी बघितलेलं असायचं. मला वाटतं कोल्हापूरच्या माणसाचा मशीनवर विश्वास बसतो तो असा, उघडं बघून. ज्या गावात ऑइल इंजिनं बनली, ज्या गावच्या फाउंड्रीतलं कास्टिंग देशभर जातं, तिथल्या माणसाला आत काय आहे ते आम्ही बघत नाही हे वाक्य पचणारच नाही. आणि इथं हे वाक्य लाज न वाटता बोलतात.

बरं, त्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत चार वर्षं नोकरी केलीय, इथं मशीन शॉपमध्ये अकरा वर्षं झाली. हे स्टिअरिंग पूर्वीसारखं तेलावर चालत नाही. पंप नाही, बेल्ट नाही, तेल नाही. आपण चाक फिरवलं की आत एक बारीक टॉर्शन बार किंचित पिळवटतो, टॉर्क सेन्सर ती पिळवट मोजतो, कंट्रोल मॉड्यूल हिशोब करतं आणि मोटर रॅकला ढकलते. मोठ्या पिकअपमध्ये हे आलं साधारण फोर्डच्या २०११ च्या एफ-१५० पासून. पंप सतत फिरत नाही म्हणून इंधन वाचतं. मोटरची मदत बंद पडली तरी चाकाशी लोखंडी जोड राहतो म्हणून त्या दिवशी आम्ही वळू शकलो. मोटर, मॉड्यूल, सेन्सर सगळं रॅकलाच जोडलेलं आणि आतले पार्ट कंपनी सुटे विकत नाही. उद्या कुणी आतलं खोललं आणि स्टिअरिंग अडकून अपघात झाला तर गॅरेजवाला कोर्टात उभा राहील ही भीती आहे. हे सगळं मान्य. पण बाहेरची वायर बघायला कुठलं कोर्ट आडवं येतंय?

तर मामांना व्हिडिओ कॉल लावला. इथं सकाळचे साडेदहा, तिकडं रात्रीचे नऊ, मामा जेवून बसलेले. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न, "आधी अर्थिंग बघितलंस काय रं?"

"नाही मामा, ते म्हणाले रॅकच गेलाय."

"बंद करून चालू केल्यावर बरं होतंय, मग रॅक मेला कसा म्हणायचा? करंट पोचत नसंल. मायनसची वायर चेसिसला कुठं बसलीय ती दाव."

बॉनेट उघडून मोबाईल आत धरून उभा होतो, बोटं बधिर झालेली, तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. अठ्ठ्याहत्तरचे आहेत, आयुष्य कारखान्यात गेलंय, कमी बोलतात. अकरा वर्षांत आमचं बोलणं हवा आणि गवत यापलीकडं फार गेलं नव्हतं. काही न विचारता परत गेले आणि मल्टिमीटर, टॉर्च आणि माझ्यासाठी हातमोजे घेऊन आले. त्यांनी काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला लावला, लाल प्रोब रॅकच्या अर्थिंगला, मला म्हणाले इंजिन चालू कर आणि उभ्या गाडीत चाक टोकापर्यंत फिरव. कारण उभ्या गाडीतच मोटरला सगळ्यात जास्त करंट लागतो. मामा तिकडून ओरडतायत, "मीटर दाव, मीटर दाव." चाक सरळ होतं तेव्हा शून्याच्या जवळ, आणि फिरवताना ०.९ व्होल्ट. दोघंही एकदम गप्प झाले. मग आजोबांनी इंग्रजीत आणि मामांनी मराठीत एकच गोष्ट सांगितली, हे ०.२ च्या वर जायला नको.

हिशोब सोपा आहे. साठ अँपिअर ओढले आणि जोडात नुसता पंधरा मिलीओहम रेझिस्टन्स असला तरी ०.९ व्होल्ट तिथंच जातात. त्यात बॅटरी सहा वर्षांची आणि थंडी उणे बारा. मॉड्यूलला व्होल्टेज एका हद्दीखाली दिसलं की ते मोटरची मदत बंद करतं. परत चालू केलं की परत ठीक. अर्थिंगचा बोल्ट काढला तर लगच्या, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कडीच्या, खाली हिरवट पांढरा थर, नखानं खरवडला तर निघेना. इथं बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, चार महिने गाडी खारट पाण्यात चालते. पॉलिश पेपरनं लग आणि चेसिसची जागा चकाचक केली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस, नवी बॅटरी. परत मीटर लावलं, ०.०८. डॅशवरचा बिघाडाचा लाईट गेला. आजोबा म्हणाले तुझ्या मामांना सांग, चांगला मेकॅनिक आहे. मी सांगितलं तर मामा म्हणाले, "त्यांना म्हणावं कोल्हापूरला या, रस्सा पाजतो." हे वाक्य मी आजोबांना कसं समजावलं ते विचारू नका, पण त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हात करतात.

इथंच थांबलो असतो तर आपल्याकडचं भारी आणि इथलं भिकार असं लिहून मोकळा झालो असतो. पण मार्चच्या मध्यावर लाईट परत आला आणि या वेळी बंदचालू करून गेला नाही. डीलरकडं गेलो नाही. मेक्सिकोहून आलेल्या एकाचं छोटं गॅरेज आहे तिथं नेला. कोड टॉर्क सेन्सरचा. त्या सेन्सरचे दोन सिग्नल असतात, एकमेकांशी जुळले नाहीत की मॉड्यूल मदत बंद करतं, आणि ते बरोबरच आहे, चुकीच्या सिग्नलवर मोटर फिरली तर गाडी भलतीकडं जाईल. त्यानं गाडी वर घेतली, रॅकच्या उजव्या टोकावरचा रबरी बूट, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणूनचं आवरण, दाखवला, चिरलेला. क्लॅम्प सोडल्याबरोबर आतून तांबूस पाणी त्याच्या मनगटावर ओघळलं. रॅकच्या दांड्यावर गंज. मी काही बोललोच नाही. म्हणजे रॅक खरंच खराब होत होता, डीलरचा माणूस पूर्ण चुकीचा नव्हता. फक्त त्यानं बघितलं नव्हतं आणि यानं बघितलं, माझ्यासाठी हा फरक मोठा आहे.

मामांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, आपल्या छोट्या गाड्यांत मोटर वर डॅशखाली कॉलमला असती, कोरड्यात, तुझ्यात खाली चाकाजवळ पाण्यात, मग बूट आधी बघायला पायजे होतं, माझं चुकलं. माझं चुकलं हे मामा किती सहज म्हणाले.

रिकंडिशन रॅक बसवला, ट्रकचा चेसिस नंबर टाकून प्रोग्रामिंग केलं, स्टिअरिंग अँगल शून्यावर आणला, अलाइनमेंट, सगळं मिळून १३८० डॉलर. जुना रॅक परत दिला की १५० डॉलर मिळतात, त्याला कोअर म्हणतात, तो कारखान्यात जातो, उघडला जातो, धुतला जातो, नवीन सील, नवीन सेन्सर घालून परत बाजारात येतो. म्हणजे उघडणारी माणसं इथंही आहेत, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर नाहीत एवढंच.

आणि एका गोष्टीला मी इथं मनापासून मानतो, रिकॉल, म्हणजे दोष निघालेल्या गाड्या कंपनीनं परत बोलावून दुरुस्त करणं. १७ अक्षरी चेसिस नंबर एनएचटीएसए या सरकारी खात्याच्या साईटवर टाकला की गाडीवर रिकॉल बाकी आहे का ते दिसतं, आणि असेल तर दुरुस्ती फुकट. २०१८ साली जनरल मोटर्सनं २०१५ च्या मॉडेलचे पिकअप आणि एसयूव्ही मिळून दहा लाखांवर गाड्या अशाच कारणासाठी बोलावल्या होत्या, व्होल्टेज क्षणभर पडायचं, मदत जायची आणि लगेच परत यायची, त्यावर सॉफ्टवेअर बदलून दिलं. माझा ट्रक त्यातला नाही, माझ्या ट्रकवर काहीच निघालं नाही, तरी तक्रार नोंदवून ठेवली. आपल्याकडंही २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यात सक्तीच्या रिकॉलची तरतूद झाली आणि एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले, त्यामुळं आपल्याकडं काहीच नाही असं कुणी म्हणू नये. गावाकडं पिकअप चालवणाऱ्यांनी स्टिअरिंगचा लाईट येऊन गेला तर गेला म्हणून सोडू नका, बॅटरी, अर्थिंग आणि बूट या तीन गोष्टी दाखवून घ्या.

लोक विचारतात पिकअप घेतलाच कशाला, साधी कार घ्यायची. इथं लाकडं, बर्फ, मित्रांची घरं हलवणं, सगळं यातच होतं. आणि खरं सांगायचं तर मामांच्या दारात रांगेत उभ्या असायच्या त्या गाड्यांसारखी एक गाडी मला हवी होती. मी लेथवर उभा राहिलो नाही, गॅरेज चालवायला थांबलो नाही, बाबांनी आणि मामांनीच जा म्हणून सांगितलं होतं, हे मी दर वेळी सांगतो.

तो १५० डॉलरचा कोअर मी परत दिला नाही. मामा म्हणाले होते, "ते जुनं मिळंल काय? एकदा आत बघायचंय." बायकोनं काट्यावर ठेवून बघितला, चौदा किलो. बॅगेत तेवीस किलो चालतात. मेमध्ये येतोय, पाणी काढून, पुसून, पोत्यात गुंडाळून ठेवलाय, आणि मामांना गोणपाट धुऊन ठेवायला सांगितलंय.