कालव्याचं पाणी कधी येणार?
आज बाबांबरोबर पेडण्यातल्या शेतावर गेलो, पोटकालवा कोरडाच, तळाचा गाळ तडकलेला अन् काँक्रीटला भेग, बाबांनी वाकून बोट घातलं तर अख्खं आत गेलं. ह्या कालव्याला पाणी तिळारी धरणाचं; धरण दोडामार्गात, महाराष्ट्रात, पण १९९० च्या करारात खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याचा, कारण पाणीही आपल्यालाच जास्त. ते मला पटतं, आणि वरच्या गावांनी त्यासाठी घरं-जमिनी दिल्या हे तर कधीच विसरू नये. पण एवढा पैसा घालून शेवटच्या फुटभर भेगेसाठी शेतकऱ्याने किती हेलपाटे मारायचे? वायंगणासाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातासाठी, बाबांनी बियाणं काढून ठेवलंय. सोमवारी परत अर्ज घेऊन जातोय, वाड्यावरचे कोण येताय ते सांगा.