कच्च्या कैद्याची बायको

विधी सेवा समितीची स्वयंसेवक म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस तहसील कचेरीच्या आवारात बसते. २०२५ च्या मार्चमधली दुपार. तिशीतली एक बाई दोन मुलांना घेऊन समोर येऊन उभी राहिली. पिशवीतून तिनं संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज काढला. त्याच्या कोपऱ्यात निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘शिक्षा झाल्यावर यावे.’

नवरा सव्वा वर्ष आत. खटला अजून उभा राहिला नव्हता. जामीन मंजूर झालेला, पण जामीनदार कोणी होईना.

“ताई, म्हंजे ह्यांना शिक्षा लागली तर मला पैसं मिळणार? मग मी देवाला मागू तरी काय?”

मला उत्तर सुचलं नाही. लिहिणारा नियमाला धरूनच लिहून गेला होता. लाभार्थ्यांच्या यादीत ‘तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या कैद्याची पत्नी’ असे शब्द आहेत. महिन्याला १,५०० रुपये. तिचा नवरा पडला कच्चा कैदी, खटल्याचा निकाल न लागलेला. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार बंद्यांमागे तीन कच्चेच होते. त्यांच्या बायकांनी कुठे जायचं? चूल तर अटकेच्या दिवशीच थंडावते.

आणि समजा शिक्षा झालीच, तरी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. खुरपायला जाणारी बाई याहून जास्त मिळवते म्हणून अपात्र ठरू शकते, याचा मला दर वेळी संताप येतो.

रेशनचंही तसंच. कार्डावर चार नावं, माणशी पाच किलोप्रमाणे वीस किलो धान्य. ई-केवायसीसाठी दुकानदारानं सगळ्यांचे अंगठे मागितले. नवऱ्याचा अंगठा आणायचा कुठून? त्याच्या वाट्याचे पाच किलो जाणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं. लाडकी बहीणचे फॉर्म भरले जात होते तेव्हा ती कोर्टाच्या तारखांना खेटे घालत होती.

मग मी मुलांकडे वळले. वयं विचारली. नऊ आणि सहा. बालसंगोपन योजना तिला कोणी सांगितलीच नव्हती. कौटुंबिक संकटात सापडलेल्या मुलांना दरमहा प्रत्येकी २,२५० रुपये मिळतात. ‘शिक्षा’ या शब्दावर तिथे गाडी अडली नाही. त्याच दुपारी शाळेचे दाखले, आधार, बँकेचं पासबुक यांची यादी करून दिली. तुरुंगातून नवरा आत असल्याचा दाखला मागवायला मीच अर्ज लिहिला. जामीनदाराची अट शिथिल व्हावी म्हणून आमच्या वकिलांकडे वेगळा कागद दिला.

फाइल बालकल्याण समितीपुढे जायला, गृहभेट व्हायला पावसाळा उजाडला. मंजुरीचं कळवायला फोन केला तर ती बराच वेळ गप्प.

“तुरुंगात मुलाखतीला जाल तेव्हा सांगा त्यांना,” मी म्हटलं.

“नको ताई. म्हणतील, मग मी आतच बरा.”