हाँगकाँगला राहायचं तर सुक्या मासळीच्या बाजारात

हाँगकाँगला जाणारे आपल्याकडचे बहुतेक जण बंदराच्या पलीकडे, कौलूनच्या चिम शा चुई भागात उतरतात. टूर कंपन्यांची हॉटेलं तिथे, भारतीय जेवण तिथे, संध्याकाळची झगमगती इमारतींची रांगही तिथूनच समोर दिसते. सोयीचं आहे, प्रश्नच नाही. पण आईला घेऊन जायचं ठरलं, तेव्हा मी प्रेक्षणीय स्थळांची यादी बाजूला ठेवली आणि आधी आईचा दिवस कसा असतो ते बघितलं. ती पहाटे उठते. स्वतःच्या हातचा चहा झाल्याशिवाय तिची सकाळ सुरू होत नाही, आणि चहा झाला की तिला बाजार लागतो. माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे कुठल्याही गावाचा मासळीबाजार बघितल्याशिवाय तिला ते गाव कळत नाही. शिवाय गुडघे दुखतात, म्हणजे स्टेशन जवळ हवं आणि चढ कमी हवा.

हे सगळं जुळत होतं ते हाँगकाँग बेटावरच्या श्युंग वानमध्ये. सेंट्रल या बँका आणि कचेऱ्यांच्या भागाला लागूनच, पण वस्ती जुन्या व्यापाऱ्यांची. तिथे बॉनहॅम स्ट्रँडच्या मागच्या बाजूला एक लहानसं बुटीक हॉटेल मिळालं. सगळ्या खोल्या म्हणजे स्वीट: झोपायची खोली वेगळी, बसायची वेगळी आणि एका भिंतीला स्वयंपाकघर.

विमानतळावरून एअरपोर्ट एक्सप्रेसने 24 मिनिटांत हाँगकाँग स्टेशन, तिथून लाल टॅक्सी. टॅक्सी थांबली तेव्हा आई म्हणाली, "हॉटेल खंय आसा?" कारण समोर हॉटेलसारखं काही नव्हतंच. एका बाजूला जिनसेंगचं दुकान, दुसऱ्या बाजूला छापखाना, मध्ये जेमतेम एका दुकानाच्या रुंदीचं काचेचं दार. वर मात्र मान मोडेस्तोवर मजले. उदबत्ती उभी रोवावी तशी ती इमारत. इथे अशा इमारतींना पेन्सिल टॉवर म्हणतात. जुनी तीन-चार मजली घरं पाडली की तेवढ्याच अरुंद तुकड्यावर उंच इमारत चढवायची, एकेका मजल्यावर एक किंवा दोन खोल्या. लिफ्टच्या बटणांत तीननंतर थेट पाच, तेरानंतर पंधरा. चारचा आकडा इथे अशुभ मानतात.

हाँगकाँगची दाटी का झाली हे मला इथे राहून नीट समजलं. प्रदेश सुमारे 1,100 चौरस किलोमीटर, माणसं 75 लाख. पण जमिनीचा जवळजवळ 40 टक्के भाग डोंगर-जंगलाची राखीव उद्यानं आहेत आणि उरलेल्यातही चढउतार पुष्कळ. म्हणजे सगळा संसार किनाऱ्याच्या पट्टीत. समुद्र मागे सारून जमीन केली, तीही भरली. मग वरच जायचं.

खोलीत शिरल्यावर मला आवडली ती तिथली शिस्त. एक इंचही वाया घालवलेला नाही, तरी कोंदट वाटत नाही. चपला काढायची जागा, तिच्यावर ओल्या छत्रीसाठी पन्हळ. दोन खोल्यांमध्ये सरकतं दार. रात्री आई आत झोपली की मी बाहेरच्या दिव्यात वाचत बसायची. एका उंच कपाटात वॉशिंग मशीन, तेच कपडे वाळवूनही देणारं. ओट्याला दोन इंडक्शन शेगड्या, एक खोल पातेलं, एक तवा, भाताचा कुकर, दोन माणसांना पुरतील एवढीच भांडी. आईने पहिल्यांदा ड्रॉवर उघडून सुरीची धार अंगठ्याने तपासली आणि मगच बॅग उघडली. गोडा मसाला, कोकम, मुगाची डाळ आणि चहापत्ती बाहेर आली. खालच्या दुकानातून दूध आणलं, रस्त्यापलीकडून आलं. त्या ओट्यावर चहाला पहिली उकळी फुटली आणि आई परक्या देशात आहे हे विसरली.

पाण्याची प्लास्टिकची बाटली खोलीत नव्हती. काचेचा जग होता आणि नळाला गाळणी. दात घासायचे ब्रशही मागितल्याशिवाय नाहीत आणि मागितले तर पैसे. एप्रिल 2024 पासून हाँगकाँगमध्ये हॉटेलांना एकदा वापरून फेकायच्या अशा प्लास्टिकच्या वस्तू फुकट देता येत नाहीत. येताना आपला ब्रश, कंगवा, दाढीचं सामान घेऊनच या. आणखी एक गोष्ट: इथल्या सुमारे 85 टक्के लोकांच्या संडासात फ्लशला समुद्राचं पाणी येतं. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून त्यासाठी वेगळ्या नळांचं जाळं घालत आणलं आहे. समुद्राकाठीच वसलेल्या आपल्या मुंबईत दर उन्हाळ्यात पाणीकपातीची चर्चा होते, तेव्हा मला हे जाळं आठवल्यावाचून राहणार नाही.

खिडकी समोरच्या इमारतीकडे. समुद्र दिसत नाही, डोंगर दिसत नाही. आरक्षण करताना 'सिटी व्ह्यू' लिहिलेलं असतं, त्याचा इथे अर्थ समोरच्याचं घर. मला मात्र त्या खिडकीत बसायला फार आवडलं. समोर एका मजल्यावर दाताचा दवाखाना, त्याच्यावर नाचाचा वर्ग, त्याच्यावर कुणाचं तरी घर. घरातल्या आजीबाई सकाळी लोखंडी जाळीवर शर्ट वाळत घालायच्या, प्रत्येक शर्ट झटकून, कॉलर सरळ करून. आईने दुसऱ्याच सकाळी त्यांना हात केला. त्यांनी आधी मागे वळून बघितलं, आपल्याच कुणाला हात केला की काय, आणि मग त्यांनीही केला. मग रोजच.

पहाटे आवाज असतो, हे सांगायला हवं. मालाचे ट्रक लागतात, लोखंडी ढकलगाड्या फरसबंदीवर खडखडतात. ज्यांना उशिरापर्यंत झोपायचं असेल त्यांनी वरचा मजला मागून घ्यावा.

आता बाजार. विंग लोक स्ट्रीट आणि डे व्हू रोड वेस्ट या दोन रस्त्यांवर जवळजवळ प्रत्येक दुकान सुक्या मालाचं. काचेच्या मोठमोठ्या बरण्या, गोणपाटं, वर टांगलेले खारवलेले मासे, आणि हवेत तो वास. काही पर्यटक नाकाला रुमाल लावून जात होते. आई मात्र रस्त्याच्या तोंडाशीच थांबली, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "अगो, हे तर आपलेच सोडे!" आपलेच होते, सोलून सुकवलेली कोळंबी. बोटाच्या पेरापासून करंगळीएवढे, सात-आठ प्रतीचे, प्रत्येकीवर वेगळा भाव. शेजारी सुकी कालवं, पिवळसर गोल सुके शिंपले, काळ्या समुद्रकाकड्या (सी कुकंबर नावाचे समुद्री जीव). दुकानदारीणबाईंनी एक सोडा आईच्या तळहातावर ठेवला. आईने तो वाकवून बघितला, वास घेतला, जिभेला लावला आणि मान हलवली: मीठ जास्त आहे. बाईंनी दुसऱ्या बरणीतला दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि अर्धा तास व्यवहार चालला.

पुढच्या दुकानात काचेमागे फिकट पिवळे, अर्धपारदर्शक पंखे मांडलेले होते, आणि किमतीत शून्यं बरीच. तो होता भोत, माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवलेली. आपल्या पालघर-सातपाटीच्या किनाऱ्यावर घोळ मासा लागला की कोळी लोक हरखतात ते याच भोतासाठी. 2021 साली मुरबे बंदराच्या एका बोटीला 157 घोळ मिळाल्या आणि त्यांचे 1 कोटी 33 लाख रुपये आले, ती बातमी अनेकांना आठवत असेल. हा माल पूर्व आशियात जातो एवढं ठाऊक होतं. तो विकला जातो ती बाजारपेठ डोळ्यांनी बघताना फार वेगळं वाटलं. आपल्या किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्याने हे दुकान एकदा बघायला हवं असं मनापासून वाटलं.

बॉनहॅम स्ट्रँडवर पाकोळ्या या पक्ष्यांच्या घरट्यांची दुकानं, ही घरटी इथे खातात. लाळेने विणलेली पांढुरकी वाटी, लाल मखमलीवर ठेवलेली. आई तिथे गप्प झाली. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर, समुद्रातल्या गुहेत पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे आणि तिथली घरटी पूर्वी अशाच व्यापारासाठी चोरली जायची. पक्षी वाचवणाऱ्यांनी आणि वनखात्याने लक्ष घातल्यावर त्याला आळा बसला. त्या दुकानात आम्ही काही विचारलं नाही, पुढे निघालो.

ताजी मासळी घ्यायला क्वीन्स रोडवरच्या महापालिका इमारतीत जायचं. दाट शहराचं सगळं डोकं मला या एका इमारतीत दिसलं: खाली मासळी, मटण आणि भाजीचा बाजार, वर खाण्याच्या गाळ्यांचा मजला, त्यावर नाट्यगृह, आणि त्याहून वर बॅडमिंटनची कोर्टं. मासळीच्या फळ्यांवर लाल टोपीचे दिवे लोंबतात. त्या उजेडात मासा टवटवीत दिसतो, म्हणून आईने पापलेट उचलून दाराशी, उन्हात नेऊन बघितलं. कोळीणबाई हसत होत्या. त्या रात्री आमच्या ओट्यावर कोकम घालून तिखलं झालं आणि खिडकी उघडी ठेवून आम्ही ते भातावर घेऊन जेवलो.

बाहेरही खाल्लं अर्थात. चा चान तेंग नावाची साधी उपाहारगृहं असतात, आपल्या इराण्याकडे मिळतो तसा घट्ट दुधाचा चहा आणि लोण्याचा जाड तुकडा घातलेला गरम पाव तिथे मिळतो. शाकाहारी माणसांची पंचाईत होते. बौद्ध शाकाहारी खाणावळी शोधून ठेवा, अशा वेळी खोलीतल्या शेगडीचा फार आधार.

चढाचं काय? श्युंग वानचा खालचा पट्टा सपाट आहे. वर हॉलिवूड रोडला 1847च्या सुमाराचं मान मो मंदिर आहे, विद्येच्या आणि युद्धाच्या देवांचं. छतापासून उदबत्तीची मोठी वेटोळी टांगलेली असतात, ती कित्येक दिवस जळत राहतात. लॅडर स्ट्रीटच्या पायऱ्यांनी तिथे जायचं नसेल तर सेंट्रलमधल्या सरकत्या जिन्यांनी वर जाऊन आडवं चालत यावं. 1993 पासून हे जिने डोंगरउतारावर सुमारे 800 मीटर पसरलेले आहेत. सकाळी दहापर्यंत ते खाली उतरतात, कारण तेव्हा वरची माणसं कामाला निघतात. मग मध्यरात्रीपर्यंत वर चढतात. म्हणून आम्ही दहानंतरच निघायचो. व्हिक्टोरिया पीक या डोंगरावरही गेलो, गर्दी होती, बघून आलो.

आईला सगळ्यात आवडली ती दुमजली ट्राम. 1904 पासून चालू आहे, वेग बेताचा. वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बसलं की दुकानांच्या पाट्या हाताशी येतात. आणि मग बंदर ओलांडून कौलूनला नेणारी स्टार फेरी. तिची सुरुवात केली ती मुंबईहून आलेल्या दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी माणसाने, एकोणिसाव्या शतकात. आईला हे सांगितल्यावर तिने तिकिटाकडे नव्याने बघितलं आणि पलीकडे पोचल्यावर त्याच बोटीने परत यायचा हट्ट धरला.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत राहायचं असेल तर निघण्याआधी इंटरनेटवर मोफत पूर्वनोंदणी करावी लागते, तिची छापील पावती जवळ ठेवा. जानेवारी 2025 पासून खोलीच्या भाड्यावर 3 टक्के कर आहे, तो दाखवलेल्या दरात धरला आहे का ते विचारा. मार्चमध्ये आर्ट बाझल हे मोठं कलाप्रदर्शन भरतं तेव्हा दर चढतात. नोव्हेंबरची हवा उत्तम. लहान हॉटेल घेताना फोटोंवर जाऊ नका, खोलीचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये विचारा, खिडकी उघडते का, शेगडी खरोखर आहे की नुसता मायक्रोवेव्ह, आणि लिफ्ट किती आहेत. आमच्याकडे एकच होती आणि सकाळी थांबावं लागे. नाश्ता, पोहण्याचा तलाव, सामान उचलायला माणूस, यातलं काही नव्हतं. दंगा करणारी लहान मुलं बरोबर असतील तर कौलूनचं मोठं हॉटेलच बरं. आईवडील बरोबर असतील, त्यांना बाजाराची आणि स्वतःच्या चहाची ओढ असेल, तर श्युंग वानमध्येच खोली घ्या, आणि शक्यतो रस्त्याकडेची.