बसवलं का नीट?

गेल्या पावसाळ्यात जिन्यावरून घसरलो आणि डाव्या मनगटाचं हाड सरकलं. डॉक्टर म्हणाले, "आधी सेट करू, मग प्लॅस्टर." रात्री गावाहून आत्याचा फोन. "बसवलं का रे हाड नीट?" डॉक्टरांच्या 'सेट'ने घाबरलो नव्हतो. आत्याच्या 'बसवलं'ने दुपारची कळ पुन्हा उठली.

मग रिकामपणी एका हाताने 'सेट'च्याच मागे लागलो. ऑक्सफर्डच्या 1989 सालच्या वीस खंडी कोशात सगळ्यात लांबलचक नोंद या इवल्याशा क्रियापदाची होती: 430हून जास्त अर्थ, साठेक हजार शब्द. (पुढे 'रन' त्याच्या पुढे पळाला.) गंमत म्हणजे 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप. म्हणजे बसवणंच! आत्याने कोश न उघडता अचूक सांगितलं होतं. संस्कृतातला 'सद्' धातूही याच गोत्रातला. संसद आणि परिषद त्याच्याच लेकी. डिनर सेटमधला 'सेट' मात्र दुसऱ्या घरचा. तो लॅटिन 'सेक्टा'वरून, फ्रेंचमार्गे आला. सेक्टा म्हणजे पंथ. आमच्या शोकेसमधला पंथ गेली अकरा वर्षं बाहेर पडलेला नाही.

इंग्रजीत 'सेट' एकटा करतो ते काम आपण वाटून दिलंय. अंगठीत खडा बसवतो, पण गजर लावतो. सापळा लावतो, कवितेला चाल लावतो, दही लावतो. पेपर मात्र काढतो. आणि सूर्याला कुणी हात लावत नाही, तो आपला आपण मावळतो.

हल्ली घरात दहीसुद्धा सेट होतं. किंवा होत नाही. परवा झाकण काढलं तर खाली आंबूस पाणी, वर चार गुठळ्या. "सेट नाही झालं," बायको म्हणाली आणि फ्रीजकडे पाहिलं. 'लागलं नाही' म्हणाली असती तर विरजणाकडे पाहावं लागलं असतं, आणि ते मी घातलं होतं.

उसना शब्द आपणही फुकट वापरत नाही, त्यात भर घालतो. 'मुलगा पुण्यात सेट झाला' यात नोकरी, फ्लॅट आणि बहुधा सूनही आली. 'सेटिंग लावणे' तर खास आपलं. एकदा इंग्रजीत लावून झालेलं पुन्हा मराठीत लावायचं, म्हणजे काम हमखास होतं.

शेजारची मुलगी प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा पास झाली. तिची आई पेढे देताना म्हणाली, "सेट झाली हो, पण अजून सेट काही झाली नाही." मला क्षणात कळलं. आत्याला फोनवर तसंच्या तसं ऐकवलं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षेला बसली की नाही ती?"