आजचा दिवस फोरॅमिनिफेराचा

आज दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलो, बाहेर नागपूरचं ऊन आणि समोर कोकणातल्या खाडीच्या चिखलातले फोरॅमिनिफेरा, म्हणजे एकाच पेशीचे पण स्वतःभोवती कवच बांधणारे जीव, बहुतेक मिलिमीटरपेक्षाही लहान. ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर गाळ धुवायचा आणि मग ओल्या बारीक ब्रशनं एकेक उचलायचा. सॅम्पलला रोझ बेंगॉल नावाचा रंग लावलेला असला की गोळा करताना जे जिवंत होते ते गुलाबी दिसतात. आज अमोनिया नावाचा (वायू नव्हे!) एक फोरॅमिनिफेरा मिळाला, गोगलगायीसारखा फिरत गेलेला, आतले कप्पे गडद गुलाबी आणि शेवटचा कप्पा एकदम पातळ, आरपार दिसणारा. बघतच राहिलो ना!

हा एकेक कप्पा जोडत वाढतो, म्हणून कप्पे आणि व्यास मोजून लहान किती, मोठे किती याचा ग्राफ काढायचा, महिन्यामहिन्याचे ग्राफ शेजारी ठेवले की नवी पिढी कधी आली त्याचा अंदाज येतो. पण नुसत्या रिकाम्या कवचांवरून संख्येचा हिशोब मांडणं मला पटत नाही, कारण कित्येक जातींत पिल्लं होताना मूळ पेशी सगळीच वाटली जाते आणि कवच मागे राहतं, मग ते मरण होतं की बाळंतपण, कसं ओळखणार?

आणि नागपुरात बसून समुद्राचं काय करता म्हणणाऱ्यांनो, शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिलीला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात समुद्री फोरॅमिनिफेरा सापडलेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, २००९ साली रिसर्च पेपरही छापून आलाय. थंडीत जायचंय तिकडे, कोणी येत असाल तर सांगा बाप्पा.